ताईच्या दारातली तूरडाळ

१२ जानेवारी २०२३
दुपारी झोपाळ्यावर डोळा लागला. ताईचं तुरीचं शेत दिसलं. पिवळं फुललेलं, आणि ताई मधून चाललेली, पण पावलांचा आवाज नाही. जाग आली तर मांडीवर मोबाईल. शेजारची नसरीन सकाळी शिकवून गेली होती. जिन्नस निवडायचा, पिशवीत टाकायचा, पत्ता द्यायचा, सामान दारात. तिला म्हटलं, मला अक्षरं शाळेनं नाही, किराण्याच्या पुड्यांनी शिकवली. पुडी सोडली की कागद वाचायची. म्हणाली, "काकू, आता किराणाच वाचा."

१५ जाने.
ताई अकोल्यात, लेकाकडे. शेत मक्त्यानं दिलेलं, कसणारा दुसरा. तीन वर्षं बोलणं नाही आमचं. दरवर्षी तिच्या शेतातली नवी तूरडाळ वानोळा म्हणून, मायेची भेट म्हणून यायची, अमरावतीला येणाऱ्या कोणाच्याही हाती, चांगली दहा किलोची पिशवी. त्या साली किलोभर आली. मी फोनवर बोलून बसले, "ताई, यंदा एवढीशीच काहून?" पीक वाळलं होतं, घरच्या डब्यातली काढून धाडली होती तिनं. मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. पुढच्या साली वानोळा नाही, फोनही नाही.

१८ जाने.
आज ताईच्या पत्त्यावर सामान मागवलं. तूरडाळ दोन किलो, गूळ, शेंगदाणे. मला वाटलं आता ते बडनेरा, मूर्तिजापूर करत जाणार. नसरीन हसली. सामान अकोल्यातल्याच गोदामातून निघतं म्हणे. असो. नकाशावर इवलीशी स्कूटर चालली होती. बघता बघता तिचा छकडा झाला, बैलांच्या गळ्यात घुंगरं, मी मागे धुरळ्यात अनवाणी...

फोन वाजला. सामान आणणारा. ताईच्या दारात उभा. माझ्या फोनवर चार आकडे आलेत, ते सांगितल्याशिवाय देता येत नाही. चष्मा सापडेना. तोवर तो बोलत राहिला, वयानं पन्नाशीचा असावा. त्याचंही शेत होतं तुरीचं, दोन सालं पडीक.

मागून ताईचा आवाज. तीन वर्षांनी.
"कोनं धाडलं?"
त्यानं माझं नाव सांगितलं.
"वापस घेऊन जाय, भाऊ. आमच्या घरी तूर कधी इकत आली नाई."

आकडे तोवर सापडले होते. सांगायचे राहिले.

१९ जाने.
जिनं जन्मभर गावाला तूर वाटली तिच्या दारात मी दुकानची तूर धाडली. वानोळ्याला वानोळा, असं मनात होतं. पण घाव तिथंच होता, बोट तिथंच टेकवलं. नसरीन म्हणते फोन लावा. लावून काय बोलू?

२ फेब्रु.
पुन्हा स्वप्न. ताई ओसरीत डाळ पाखडते. कोंडा उडून माझ्या केसांवर बसतो, ती एकेक कण वेचते. तिच्या हाताला डाळीचा वास यायचा. आज वरण नाही केलं. पिठलं.

९ फेब्रु.
नसरीनसाठी साबण मागवला. नकाशातली स्कूटर बघत बसले. आता ती छकडा होत नाही.

२० फेब्रु.
जेवून उठते तोच दारात माणूस. हातात पिशवी. नाव माझं, पत्ता माझा. म्हटलं, मी तर काही मागवलं नाही बा. त्यानं चिठ्ठी पुढे केली. मागवणाऱ्याच्या जागी ताईचं नाव.

पिशवीत डोकावले. तूरडाळ. बरोबर एक किलो. जिच्या घरी तूर कधी विकत आली नाही, तिनं विकत घेतली.

तो आकडे मागतो. माझ्या फोनवर काहीच नाही.
"ज्यायनं मागवलं त्यायच्याच फोनवर जातात, काकू. त्यायले लावा."

त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. चष्मा आणते म्हणून आत आले. चष्मा डोळ्यावरच आहे. फोन लावण्याआधी या ओळी लिहून घेते आहे.

लावला. वहीजवळ ठेवलाय, आवाज मोठा करून. वाजून राहिला...