महादेवी, राजीला घेतलं त्यांनी

प्रिय महादेवी,

"प्रिय" हे तुझ्या पोरीनं लिहायला लावलं. म्हणली, आजी, पत्रात असंच लिहितात. आपण दोघी एका चुलीपुढं इतकी वर्षं बसलो, कधी एकमेकीला प्रिय म्हणलं न्हाई आणि त्याच्यावाचून काही अडलं बी न्हाई. पण आता लिहिलंय तर राहू दे.

काल सकाळी लातूरहून फोन आला. राजीला घेतलं! संगू दुकानात गुळाची ढेप फोडत होता, तो बत्ता हातात धरून तसाच उभा राहिला. गिऱ्हाईक म्हणतंय, गूळ द्या, आणि तुझा नवरा छताकडं बघूलालाय. मग त्यानं गल्लीत सांगितलं, मी देवळात सांगितलं, देगलूरला तुझ्या आईला फोन लावला. ती फोनवर रडली. तिला रडू दिलं. सगळ्यांना सांगून झालं, बाजेवर बसले, आणि ध्यानात आलं की जिला आधी सांगायचं तीच राहिली.

म्हणून हे लिहून राहिले. चौथी शिकलेली बाई मी, सही करण्यापलीकडं पेन धरला न्हाई. अक्षर वाकडं आलं तर नाक मुरडू नको. तुझं तरी कुठं सरळ होतं?

डॉक्टर व्हायला घेतलं न्हाई तिला. थांब, आधी ऐकून घे. तुला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथं ती निळ्या कपड्यातली पोरगी यायची बघ. मोठे डॉक्टर यायच्या आधी येऊन सगळं विचारायची, तपासायची. ते गेले की पुन्हा यायची आणि ते काय बोलले ते आपल्याला कळंल असं सांगायची. तू म्हणायचीस, "त्या पोरीला बोलवा, साहेबाचं मला समजत न्हाई." ती नर्स नव्हती आणि डॉक्टर बी नव्हती. फिजिशियन असिस्टंट म्हणतात त्याला, थोडक्यात पीए. डॉक्टरच्या जोडीनं काम करायचं. ते शिकायला राजी चाललीय, दोन वर्षं.

गावाला समजावून सांगता सांगता मी बेजार झाले. दुकानात एकजण विचारतो, "पीए झाली म्हणे राजी, कोणत्या आमदाराची?" पलीकडची कोंडाबाई त्याच्यावर कडी. "म्हणजे कंपाउंडरच की गं!" मी म्हणलं, "हाव, कंपाउंडरच. आता तुझं बीपी वाढलं की ओट्यावर येऊन बसू नको, राजी कधी येणार म्हणून."

लातूर म्हणलं की मला तुझी ती खोली दिसते. पोरीला डॉक्टरकीच्या परीक्षेची शिकवणी, आणि पोरीला ताजं खायला मिळावं म्हणून तिच्यामागं आई! नवरा दुकानात, सासू घरात, आणि तू तिथं दोन वर्षं एका खोलीत. त्या इमारतीत सगळ्या आयाच. सकाळी सगळ्या दारांतनं एकदम फोडणीचा ठसका उठायचा. मी एकदा आले होते, आठवतं? तिथल्या बाया एकमेकीला नावानं ओळखत नव्हत्या, लेकरांच्या मार्कांनी ओळखायच्या. "ती सहाशेवाली पाणी भरून गेली का?" असं! तुला काय म्हणायच्या, ते तू मला कधी सांगितलं न्हाई. मी बी विचारलं न्हाई.

तिचा नंबर लागला न्हाई. तू भांडीकुंडी टेम्पोत घालून परत आलीस आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच न्हाई असं दाखवत पापड लाटायला बसलीस. राजीला नांदेडला बीएस्सीला घातलं. आणि तिथं पोरीचे विषय राहायला लागले.

आणि ते तू माझ्यापासून लपवलंस! "आत्याबाई, निकाल अजून लागला न्हाई." अगं, गल्लीतल्या पोरांचे पेढे खाऊन मला आंबट ढेकर यायला लागले, आणि आपल्याच पोरीचा निकाल तेवढा अडकला होता होय? मला सगळं कळत होतं. तुला वाटायचं मी टोचून बोलंन. बोलले असते. मग? माझं बोलणं तुला काय नवीन होतं? उलट बोलायला तू कधी कमी पडलीस?

मग तू पडलीस. किडन्या गेल्या म्हणले. राजी परीक्षा सोडून तुझ्या उशाशी बसली. तू तिला जा जा म्हणून ओरडायचीस, ती हलायची न्हाई. शेवटी तूच गेलीस. त्याच्यावर मी जास्ती लिहीत न्हाई. लिहून काय होतंय?

पुढचं तुला ठाव न्हाई, ते सांगते.

राहिलेले विषय तिनं पुन्हा दिले आणि कशीबशी पास झाली. ते मार्क बघून कुणी दारात उभं करंना. संगू म्हणला, उदगीरचं एक स्थळ हाय, बघून घेऊ. राजी म्हणली, "बाबा, मला त्या निळ्या कपड्यातल्या बाईसारखं काम करायचंय." चौकशी केली, कागद पाठवले, एका कॉलेजनं टक्के बघूनच परत पाठवले. बोलावलं बी न्हाई. तवा ती नांदेडला एका दवाखान्यात कामाला लागली. पेशंट आला की वजन घ्यायचं, बीपी बघायचं, काय होतंय ते विचारून लिहायचं, मग डॉक्टरकडं पाठवायचं. संगूला वाटलं, चार दिवस करंल. दोन वर्षं केलं.

मी कोंडाबाईला घेऊन गेले होते तिथं. कोंडाबाईची सून वाळत चाललेली, तिला दाखवायला. ती पोरगी कर्नाटकातली, औरादकडची. राजीनं तिला विचारलं, "काय होतंय ताई?" कोंडाबाई म्हणली, "काय होत न्हाई तिला, जेवत न्हाई नुसती." राजीनं विचारलं, "झोप लागते का?" कोंडाबाई म्हणली, "ढाराढूर झोपते." सून खाली बघून पदर पिळूलाली. तिसऱ्यांदा असंच झालं, तवा राजीनं पेन ठेवला.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा जरा."

"मी? मी सासू हाय तिची!"

"म्हणूनच म्हणलं. आजी, तू बी जा."

मला बी काढलं! बाहेर बाकड्यावर कोंडाबाई फणफणत होती. "तुझी नात मला बाहेर काढूलाली, निलावती!" मी म्हणलं, "मला काय आत ठेवून मुसंबीचा रस पाजलाय का?" तेवढ्यात आतून आवाज आला. दोघी कानडीत बोलत होत्या. तुझी बोली, महादेवी. सून आधी हळू, मग भडाभडा बोलायला लागली. कोंडाबाईनं विचारलं, "काय म्हणते गं ती?" मी म्हणलं, "मला कुठं येतंय? माझ्या सुनंनं पोरीला शिकवलं, मला न्हाई शिकवलं."

काय निघालं ते राजीनं मला आजवर सांगितलं न्हाई. लई विचारलं. पण ती सून आता बरी हाय. काल पेढा घ्यायला तीच आली होती, दोन घेऊन गेली.

आता लातूरचं. तिथल्या कॉलेजनं नुसते मार्क बघितले न्हाईत, मुलाखतीला बोलावलं. त्या दिवशी नायगावचा बाजार, संगूला दुकान सोडता येईना. मी गेले सोबत. एसटीत बसल्यापासून मी राजीला एकच सांगत होते. "मार्काचं विचारलं तर सांग, आई आजारी होती, आई वारली, त्यापायी राहिलं. कुणाला बी दया येईल."

ती म्हणली, "आई आजारी पडायच्या आधीच माझे दोन विषय राहिले होते, आजी."

"त्यांना कुठं ठाव हाय?"

"मार्कशीटवर तारीख असते."

"मग तारखेवर बोट ठेवून दाखव."

ती हसली न्हाई. खिडकीबाहेर बघत म्हणली, "आईच्या नावावर मी सूट मागणार न्हाई."

मी म्हणलं, शहाणी लागून गेली.

तिथं शिपायानं नाव पुकारलं आणि म्हणला, "पालक आलेत का सोबत? या आत." आता आपल्याकडं पालक म्हणलं की काय करायचं असतं? शाळेत नाव घालायला गेलं तर बाप बोलतो, दवाखान्यात सासू बोलते, पोरगी दाखवायला बसली तर मामा बोलतो. तिनं गप बसायचं. मी आत गेले, खुर्चीवर नीट बसले. समोर दोन साहेब, एक मॅडम. मधल्या साहेबानं कागद बघितला आणि राजीला विचारलं, "बीएस्सीला इतके कमी मार्क कसे?"

राजी तोंड उघडायच्या आत मी उघडलं. "साहेब, हिची आई वारली बघा, किडन्या गेल्या, लेकरानं लई..."

"आजी, तू बाहेर बस."

सगळ्यांच्या देखत! आवाज चढवला न्हाई, हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दारापर्यंत नेऊन सोडलं. दार लावलं. बाहेर बाकी पोरांचे बाप बसलेले, सगळे माझ्याकडं बघूलाले. मी पदर सावरला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

महादेवी, खरं सांगते, मी लई घाबरले. आधीच मार्क न्हाईत, त्यात ही असली आजी. कोण घेईल? पोरीचं एकच दार उघडं राहिलं होतं, आणि त्यात मी पाय घातला असं वाटलं. तू असतीस तर काय म्हणली असतीस ते मला अक्षराक्षरानं ऐकू येत होतं. "आत्याबाई, जरा दम धरायला काय होतंय तुम्हाला?"

परतीच्या गाडीत बसलो. अहमदपूरला गाडी थांबली, राजीनं केळी घेतली, एक सोलून माझ्या हातात दिली. तवा विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"खरं सांगितलं. डॉक्टरचं हुकलं तवापासून पुस्तक उघडूच वाटत नव्हतं. आई नंतर आजारी पडली, तिच्यामुळं काही झालं न्हाई."

"झालं! मग?"

"मग म्हणले, आता मन लागंल कशावरून? मी म्हणलं, दोन वर्षं रोज घरी गेले की त्या दिवशी बघितलेल्या पेशंटचं वाचते. कुणी वाच म्हणलं न्हाई. त्यातलं विचारा पाहिजे तर. त्यांनी विचारलं."

"आलं का?"

"काही आलं. काही आलं न्हाई. जे आलं न्हाई ते येत न्हाई म्हणलं."

मी केळं तसंच तिला परत दिलं. "आणि माझं? मला बाहेर काढलं त्याचं कुणी काही बोललं का?"

"मॅडम बोलल्या. म्हणल्या, आजीला असं बाहेर काढतात का?"

"बघ! मग तू?"

"मी म्हणलं, मॅडम, रोज दहा सासवा बाहेर काढते. ही अकरावी."

अगं, काय सांगू तुला! मला आधी राग आला, मग हसू फुटलं, इतकं की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. राजी बी हसली. तू गेल्यापासून तिला असं खदखदून हसताना मी बघितलं नव्हतं. हसली की तिचा वरचा दात तुझ्यासारखाच पुढं येतो.

म्हणली, मॅडमनी मग फक्त सासवांचंच विचारलं. कोण खोटं बोलतंय हे कसं ओळखतेस, बाई बोललीच न्हाई तर काय करतेस. लई वेळ तेच चाललं होतं.

पण हसून काय होतंय? निकाल येईस्तोवर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा भाजीत मीठ घालायचं विसरले. संगू मुकाट्यानं जेवला, त्याच्या बी ध्यानात आलं न्हाई. राजी तेवढी रोज उठून नांदेडला कामावर जात होती.

आणि काल फोन आला. घेतलं. मार्क बघूनच घेतलं, मार्क काही लपलेले नव्हते. आजी बी बघितली आणि तरी घेतलं! छातीवरचा धोंडा उतरला. काल दुपारी जेवून आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. राजी सुट्टी टाकून घरी आली होती, तिनं श्वास चालू हाय का म्हणून दोनदा नाकापुढं हात धरून बघितला म्हणे.

तुला वाईट वाटत असंल, डॉक्टर न्हाई झाली. वाटू दे थोडं, तुझा तेवढा हक्क हाय. पण तू आजारी असताना तुला जी हवी असायची, तीच व्हायला चाललीय. आता ह्याच्यात नाराज व्हायला जागा कुठं सापडते ते तूच बघ.

सकाळी शेतात येऊन तुझ्या समाधीवर पेढा ठेवला. मी वळले न्हाई तवर मुंग्या हजर. तुझ्यात आणि तुझ्या मामंजींच्यात माझ्यासाठी जागा सोडलीय, ती बी बघून आले. गवत माजलंय. घरी येऊन संगूला म्हणलं, ती जागा उगं मोकळी कशाला ठेवतोस? यंदा तिथं तूर पेर. पुढल्या वर्षी बी पेर.

तर महादेवी, हे वचन समज. राजी शिकून, कामाला लागून, निळे कपडे घालून मला तपासंस्तोवर मी तिकडं येत न्हाई. तवर तुझ्या मामंजींशी बोलत बस. ते जास्ती बोलत न्हाईत, मला ठाव हाय. पण काय करू, मला इकडं काम हाय.

तुझी सासू,
निलावती
नायगाव