सोळा माग, पंधरा पाय

१७ नोव्हेंबर १९९७, उधना

जमलं! सोळा माग, प्रत्येकाला एक बटण, वर चार आकड्यांची पाटी — आणि चिपला तारा जोडायला कामाचे पाय फक्त पंधरा. कारखान्याचे शेठ म्हणत होते, "मोटी चिप ले ने!" कशाला? बटणं चार आडव्या, चार उभ्या तारांवर गुंफली. त्याच आडव्या तारा आकडेही एकेक करून पेटवतात — इतक्या भराभर, की डोळ्याला सगळे एकदम दिसतात. उरलेले सात पाय आकड्यांच्या रेघांना. एकही पाय रिकामा नाही, जास्तीचं सामान शून्य! कोण म्हणतं आयटीआयवाल्याला डोकं नसतं?

१९ नोव्हेंबर

कारखान्यात बसवलं. माग थांबला की बटण दबतं, शेठच्या केबिनमध्ये त्याचा नंबर दिसतो. एकेक माग थांबवून पाहिला — सोळाच्या सोळा बरोबर! लोटूमामा तिथेच पाच ते आठ नंबर चालवतात. माझ्यासाठी शब्द त्यांनीच टाकला होता. "मना भाचा शे!" सगळ्यांना सांगत फिरले. लाज वाटली, बरंही वाटलं.

२१ नोव्हेंबर

कतारगामच्या कारखान्यालाही अशीच पाटी हवीय. पेढे आणले.

२४ नोव्हेंबर

शेठनी मला आणि मामांना बोलावलं. रोज चारच्या सुमाराला मामांचे चारही माग बंद दिसतात. शेजारचा भिवा आपले एक ते चार थांबवून चहाला जातो, तेव्हाच. "तारो मामो पण साथे जाय छे!" मामा म्हणाले, "मी हालनू बी नई. एखादा धागा तुटस, सांधी लेस." मग चारही बंद कसे, असं विचारत शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मशीनला मामा-काका कळत नाहीत, आहे तेच दाखवतं.

मामा आपल्या मागांकडे परत गेले. मला त्यांचाच राग आला — चारचौघांत माझी शोभा!

२५ नोव्हेंबर

मामांना काढलं. बारा वर्षं होते तिथे. मामी माझ्याशी बोलल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर

मामांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. म्हणून कतारगामसाठी बनवलेल्या पाटीवर भिवाच्या मागांसारखी एक ते चार बटणं एकदम दाबली, आणि मामांचा एकच धागा तुटावा तसं पाच नंबरचंही. पाटीवर एक ते पाच आले. मग सहा, सात, आठ! त्यांना मी हातही लावला नव्हता. करंट दबलेल्या बटणांतून उलटा फिरतो. तो एकाच दिशेने जाऊ द्यायला प्रत्येक बटणाला एक डायोड लागतो. मी नाही लावला. मामांचा एकच माग थांबायचा, बाकी तीन चालू असायचे.

चूक माझ्या पाटीची, मामांची नाही, हे सांगायला शेठकडे निघालो. तिथून मामांच्या दारात जायचं. तिथे काय बोलू?