ग्लोव्हचा दोष

४ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राबरोबर पार्सल येतंय. खाऊ नाही, माझा ग्लोव्ह आहे. रविवारी सॉफ्टबॉलच्या सामन्यात तिसऱ्या बेसवर माझ्या हातून दोन सोपे चेंडू सुटले. सोपे म्हणजे वहिनीनेही पकडले असते असे (हे तिला वाचून दाखवू नकोस). कॅप्टनबाईंनी नुसतं वहीत काहीतरी टिपलं, तेच जास्त लागलं.

दोष ग्लोव्हचाच असणार. स्वस्तातला घेतलेला, चामडं ढिलं पडलंय. तुमच्या दुकानाच्या कॅटलॉगात तो गडद तपकिरी, सगळ्यात महागडा आहे ना, तो मी हेरून ठेवलाय. जवळजवळ महिन्याचा पगार जाईल. इतकी वर्षं तू त्या काउंटरमागे उभा आहेस, पण आता दुकानातला माणूस म्हणून नको, भाऊ म्हणून सांग. तेवढे पैसे घालण्यासारखी वस्तू आहे का? हे म्हणतात, घेऊन टाक. यांचं काय, बस चालवून आले की सगळ्यालाच हो.

दातांच्या लॅबमध्ये कामाचा नुसता ढीग आहे. परवा एका आजोबांची कवळी घासताना हातातून निसटली आणि फरशीवर दोन तुकडे. सगळे हसले, मीही हसले. थंडीने बोटं बधिर होतात, दुसरं काय.

लोभ आहे तसाच राहू दे, जमलं तर थोडी सवलतही दे.

तुझी,
खारू


१३ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. महागड्या ग्लोव्हचं चामडं जाड, शिवण पक्की, वाद्या सहसा सैल पडत नाहीत. पण नवा असताना तो फळकुटासारखा कडक असतो. मोसमभर चेंडू खाल्ले की कुठे हाताला वळतो. मग मात्र वर्षानुवर्षं बघायला नको. रोज खेळणाऱ्या पोरीला मी तो बिनधास्त देतो. रविवारी खेळणारीला मधल्या किमतीचा पुरतो. हे आमच्या मालकाच्या कानावर घालू नकोस.

आता तुझा ग्लोव्ह. तो वहिनीच्या हातात चढवून तिला मागच्या गल्लीत उभं केलं आणि चेंडू फेकले. एकही सुटला नाही. तेव्हापासून ती घरात छाती काढून फिरते आहे. फक्त म्हणाली, आत बोटांना काहीतरी अडकतंय. मी चाचपून बघितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जातं तिथे इलॅस्टिकची पट्टी शिवलेली. टाके तुझे आहेत, ओळखले मी.

खारे, ती दोन बोटं आपली आपण मिटत नाहीत का? कधीपासून?

आईच्या हातून आधी कपबशा सुटायला लागल्या होत्या. तेव्हा आपण कपबशा बदलल्या. मीच जाड कानाचे कप आणले होते, चांगले महाग. दोन वर्षांत ती अंथरुणाला खिळली आणि शेवटी तिची वाचाही गेली. त्या कपांपैकी एकही फुटला नव्हता.

मी तुला ग्लोव्ह विकणार नाही. आधी हात डॉक्टरांना दाखव. रागाव हवं तर, पण पत्र लिही.

तुझा,
दादा


२१ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबच्या कोट टांगायच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच खाली बसले. पट्टी काढायची विसरले, की तुला दिसावी म्हणून राहू दिली, माझं मलाच सांगता येत नाही.

ग्लोव्हचा दोष असला तर पैशावर भागतं रे. म्हणून ती किंमत वाचून मला बरंच वाटलं होतं. जितका महाग तितकी खात्री वाटली.

रोज सकाळी तोंड धुताना मी आरशासमोर जीभ बाहेर काढते आणि ती थरथरते का बघते. आईची थरथरायची. नंतर भरलेला मग डाव्या हाताने उचलून धरते. उचलला गेला तर दिवस बरा जातो.

डॉक्टरांकडे मी जाणार नाही. ते त्या आजाराचं नाव घेतील आणि मग ते नाव घरात आमच्यात जेवायला बसेल. यांना यातलं काही माहीत नाही. तू कळवायचं नाहीस, माझी शपथ आहे.

रागावले नाही. भ्यालेय. माया पातळ करू नकोस.

तुझी,
खारू


२९ जानेवारी

ती. स्व. दादांस,
सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, चूकभूल सांभाळून घ्या. मला काही माहीत नाही असं हिने तुम्हाला लिहिलं असणार. दादा, मी बस चालवतो. आरशात मागचं बघण्यावरच माझं पोट आहे.

सकाळी निघण्यापूर्वी मी सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवतो, म्हणजे हिला उघडता येतात. ही आरशासमोर जीभ काढून उभी असते तेव्हा चपला जोरात वाजवत येतो, म्हणजे हिला सावरायला वेळ मिळतो. ग्लोव्ह घेऊन टाक म्हटलं ते उदारपणाने नव्हे. मलाही तेच हवं होतं, दोष ग्लोव्हचा निघावा.

सासूबाईंना मी शेवटच्या वर्षात पाहिलंय. मला ते पुन्हा पाहवणार नाही.

नसांच्या डॉक्टरीणबाईंची सोमवारची वेळ घेतली आहे. हिला सांगायला तोंड उघडत नाही. तुम्ही या. तुमचं ऐकते ती, निदान न ऐकण्यापूर्वी भांडते तरी. माझ्याशी नुसती हसते.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरची छाया काढून घेऊ नका.

तुमचा,
दाजी


२ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती रडले, म्हणून आता नीट लिहिते.

त्या सोमवारी तू बाहेर बसला होतास तेव्हा आत दंडात सुया टोचत होते. यंत्र खरखरत होतं आणि डॉक्टरीणबाई पडद्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, झालं. आईच्या दुखण्याबद्दल त्यांनी सगळं विचारून घेतलं.

निकालाच्या दिवशी त्यांनी माझं कोपर पकडून टेबलाच्या कडेला टेकवलं आणि विचारलं, लॅबमध्ये अशीच बसतेस का? इतकी वर्षं डावं कोपर टेकवूनच तर कवळ्या घासतेय. तिथे नस दबली आहे. आईचं ते नाही. आईला बधिरपणा नव्हता, मला आहे, तो या दबलेल्या नसेचा. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी न कंटाळता सांगितलं. हे जिन्यात गणवेशातच बसून रडले. वर येणाऱ्या लोकांना वाटलं, कुणीतरी गेलं.

परवा ऑपरेशन झालं. करंगळीत पूर्ण जोर येईलच असं नाही. तिसरा बेस बहुतेक गेला. कॅप्टनबाई म्हणतात, बेंचवर बसून पोरींवर ओरड, तेवढं तुला येतं. ग्लोव्हचं म्हणशील तर महागडा नको. पुढच्या वर्षी हाताने साथ दिली तर मधल्या किमतीचा दे.

भीती मात्र सांगितल्याबरोबर जात नाही. आजही आरशासमोर तोंड उघडलंच.

तुझी,
खारू


९ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काउंटरवरच फोडलं. समोर एक बाई मुलीसाठी तोच तपकिरी ग्लोव्ह बघत होत्या. त्यांनी विचारलं, खरंच एवढ्या पैशांचा आहे का हा? माझे डोळेच वाहायला लागले. बाईंना वाटलं, किमतीने विकणाऱ्याचाच जीव कासावीस झालाय. ग्लोव्ह ठेवून गेल्या. मालकांनी मला भरपूर ऐकवलं.

आता जे लिहितो ते दाजींना वाचून दाखव, एकटी ठेवू नकोस. तुझा हात तपासत होते तेव्हा मी बाहेर खिशात दोन्ही मुठी आवळून बसलो होतो. मीही त्याच आईचा मुलगा. माझ्या उजव्या अंगठ्याखालचं मांस मधूनच आईच्या जिभेसारखं फडफडतं. तुझा ग्लोव्ह आला त्याच्याही आधीपासून. तुला डॉक्टरांकडे जा म्हणून दटावत होतो आणि स्वतः गप्प होतो. शेवटी वहिनीने पाहिलं. ती भांडली नाही, फोन उचलून त्याच डॉक्टरीणबाईंची गुरुवारची वेळ घेतली.

दमल्यानेही होतं म्हणे. होत असेल.

तू बुधवारीच ये. वहिनी धीराची आहे, तिच्यापुढे मलाही धीराचं राहावं लागतं. नीट घाबरता येतं ते मला तुझ्यासमोरच.

वाट बघतो.

तुझा,
दादा