एलियास गेटवरच राहिला

९ जून, सोमवार

नगरपालिकेचे मसोम्बुका सकाळीच टपकले. गावाला शंभर वर्षं होताहेत — सप्टेंबरात सोहळा, तंबू, भाषणं, जेवण. तिथे वाटायला एक पुस्तिका हवी: 'स्वार्टपान, दक्षिण आफ्रिका: इतिहास, भूगोल आणि अर्थव्यवस्था'. लिहिणार कोण? मी! कारण मी इथल्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि आता रिकामी बसलेली दिसते.

"बाई, इतिहास जरा आनंदी ठेवा," म्हणाले.

कुठून आणू आनंद, विचारलं. तर म्हणतात, "शेवटाकडे आणा. शेवटाकडे आपल्याकडे रंगीत फोटो आहेत."

११ जून

भूगोल लिहायला घेतला. गावात डोंगर तीन, तिन्ही कंपनीने उभे केलेले. खाणीतली दगड-माती टाकून टाकून. तळं एक, तेही कंपनीचंच — जुन्या खड्ड्यात साठलेलं पाणी, रंग नारिंगी, मासे नाहीत, बदकंसुद्धा न उतरता पुढे जातात. जुन्या नकाशात एक ओढा आहे. आता तिथे कोळसा वाहून नेणारा पट्टा धावतो. शाळेत मी शिकवायची, डोंगर तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. पोरं खिडकीतून तिसऱ्या डोंगराकडे बघायची आणि हसायची.

संध्याकाळी लोडशेडिंग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीजकेंद्राची सगळी धुराडी दिसताहेत, एकूण एक धूर ओकतंय, आणि मी शेगडीत कोळसा घालून मेणबत्तीपाशी बसलेय. हे पुस्तिकेत जाणार नाही.

१४ जून

कंपनीच्या मिस डेलपोर्ट आल्या होत्या. हातात फाइल, चेहऱ्यावर दुखवट्याचं हसू. तेव्हाच ओळखलं.

जुनी दफनभूमी कधीचीच कंपनीच्या कुंपणाच्या आत गेलीय. एलियासच्या कबरीवर फूल ठेवायचं तर मला आधी कळवावं लागतं, सुरक्षेचं व्याख्यान ऐकावं लागतं, हेल्मेट घालावं लागतं. गेलाय नवरा, जपायचं मला! आता म्हणे त्या जागेखाली कोळसा सापडलाय. सापडलाय काय? सगळ्या गावाखाली आहे, चौथीतलं पोर सांगेल. तर सगळ्या पेट्या नव्या दफनभूमीत हलवणार. विधीसाठी बोकड कंपनीकडून — दोन मयतांत एक. एलियासच्या वाट्याला मागचा अर्धा भाग आलाय. पुढचा कुणा मोलोईंना.

मी म्हटलं, पेटी तुम्ही हलवाल. माणसाला कोण आणणार?

गोंधळली बिचारी. तिला वाटत होतं माणूस पेटीत असतो.

१५ जून

वन्सं आल्या. रेबेकावन्सं — एलियासची थोरली बहीण, सगळे रीतिरिवाज तोंडपाठ. त्यांनी बजावलं: बोरीची फांदी कबरीला टेकवायची, नावाने हाक मारायची, तो फांदीवर येतो. मग नव्या जागी पोचेपर्यंत फक्त त्याच्याशी बोलायचं. आता गाडीत बसतोय, आता वळतोय, सगळं सांगत न्यायचं. मध्येच दुसऱ्या कुणाशी एक शब्द जरी बोललं तरी तो तिथेच उतरतो.

"बायको म्हणून फांदी तूच धरायचीस," म्हणाल्या. "पण तुला जमेल का गं? जन्म गेला तुझा लोकांच्या चुका काढण्यात."

न जमायला काय झालं?

२ जुलै

आज आणायला गेलो. मी, वन्सं आणि टॅक्सीवाला मोकोएना.

गेट नंबर तीनवर पहाऱ्याला वुसुमुझी. माझाच विद्यार्थी. नववीत भूगोलात दोनदा नापास केला होता मी त्याला. आता चाळिशीचा झालाय, पोट सुटलंय. आम्ही नळीत फुंकलं, दारू निघाली नाही.

"परत येताना किती माणसं, बाई?"

"आम्ही तिघं. आणि एलियास."

त्याने निमूट चार पास लिहिले आणि चौथं हेल्मेटही दिलं. कंपनीचा नियम आहे, डोकं असो नसो.

कबर उघडली तेव्हा मी तिकडे पाहिलं नाही. फांदी टेकवली, हाक मारली. तो गेल्यापासून त्याच्याशी मोठ्याने बोललेच नव्हते. लाज वाटायची. आज बोलले. "चल एलियास. तुझी जागा बदललीय." टॅक्सीत मधली सीट त्याला दिली, फांदीवर हेल्मेट ठेवलं. "हे तुझं वर्कशॉप. बंद असतं आता. आता पट्ट्याखालून जातोय, डोकं सांभाळ." वन्सं रडत होत्या आणि माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना माझं काही पटलं असेल.

गेटवर पोचलो आणि भोंगा झाला. सुरुंग उडवणार होते. सगळ्यांना गाड्यांतून खाली उतरवलं. वुसुमुझीने शिट्टी फुंकली, हात दक्षिणेकडे केला आणि ओरडला, "सगळ्यांनी उत्तरेकडे चला!" अर्धे लोक त्याच्या हाताच्या दिशेने निघाले, अर्धे उलट.

"अरे, ती दक्षिण आहे! दुपारचा सूर्य आपल्याकडे कुठे असतो? उत्तरेला ना?"

कोण बोललं हे? मीच.

मग सुरुंग उडाला. वन्संनी घोंगडीत तोंड लपवलं. मोकोएनाने मधल्या सीटकडे बघितलं आणि हळूच टोपी काढली. फांदी हातात हलकी लागत होती. आधी वजन होतं तिला, मी शपथेवर सांगते.

३ जुलै

पेटी नव्या जागी पुरली. अर्धा बोकड खाल्ला. वन्सं माझ्याशी बोलत नाहीत.

७ जुलै

वन्संनी निरोप धाडला: जिथे उतरला तिथूनच उचलावा लागेल. नवी फांदी, तेच गेट, तीच जागा.

कंपनीच्या ऑफिसात गेले. मिस डेलपोर्टनी कॉम्प्युटर पाहिला. "मॅडम, आमच्याकडे मिस्टर म्त्स्वेनी नव्या जागी पोचल्याची नोंद आहे."

"ते गेटवर उभे आहेत."

"गेटवर विनाकारण उभं राहायला मनाई आहे, मॅडम."

त्यालाच सांगा, म्हटलं. परवापासून खाणीत संप सुरू झालाय, त्यामुळे गेटच्या रस्त्यावर आता पासाशिवाय कुणाला सोडत नाहीत. पास तीन कारणांसाठी मिळायचा: काम, माल, कबर. कबरी संपल्या म्हणून तिसरं कारण काढून टाकलंय. नवरा न्यायचाय हे कारण कुठेच बसत नाही.

९ जुलै

तीस वर्षं तो त्याच गेटवर कार्ड दाखवून आत जायचा. थंडीत, अंधारात, खोकत. मेल्यावर तरी सुटला असं वाटायचं मला. आणि मी, त्याच्या बायकोने, त्याला पुन्हा तिथेच नेऊन उभं केलं. एका नापास पोराची दिशा सुधारायला! झोप येत नाही.

२१ जुलै

वुसुमुझी आला. शेगडीपाशी अवघडून बसला, चहा घेतला.

"बाई, चूक माझी होती."

"दिशा तुझी चुकली. तोंड माझं सुटलं."

"काका बरे आहेत. मी रोज ड्यूटीवर गेलो की त्यांना नमस्कार करतो. एक खुर्ची ठेवलीय बाजूला. साहेब विचारत होता कुणाची, तर म्हटलं सीनियर माणूस आहे."

मला गेटपर्यंत सोडशील का, विचारलं. त्याने कप खाली ठेवला. "कॅमेरा आहे, बाई. मला तीन पोरं आहेत." खरंच आहे. जाताना मी त्याला भाजलेल्या कणसांची पिशवी दिली. नववीत उगीच नापास केला असं मात्र म्हणणार नाही.

१२ ऑगस्ट

धुळीचे वारे सुरू. वाळत घातलेले पांढरे कपडे राखाडी होऊन घरात येतात.

अर्थव्यवस्था लिहून दिली: 'गावात तीन तऱ्हेची माणसं आहेत. खाणीत जाणारी, खाणीत जाणाऱ्यांना काहीतरी विकणारी, आणि खाणीतून आलेली — ती खोकतात.' मसोम्बुकांनी तिसरी तऱ्हा खोडली.

"दोनच बऱ्या दिसतात, बाई. समतोल वाटतो."

१३ सप्टेंबर

सोहळा झाला. तंबू वाऱ्याने दोनदा उडाला. कंपनीचे मोठे साहेब बोलले: आणखी शंभर वर्षं आम्ही तुमच्याबरोबर आहोत. माईक मध्येच बंद पडला, वीज गेली होती. टाळ्या मात्र चालू राहिल्या. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट पॅप आणि कोंबडी. पुस्तिकेत माझं नाव चुकीचं छापलंय. इतिहास शेवटाकडे फारच आनंदी आहे.

वन्सं शेजारी येऊन बसल्या. एवढंच म्हणाल्या, "थंडी गेली. बरं झालं. तो उघड्यावर आहे."

३ नोव्हेंबर, सोमवार

खाण बंद झाली. शुक्रवारी नोटीस, आज गेटला साखळी. दफनभूमीखालचा कोळसा काढलाच नाही — परवडत नाही म्हणे.

शिफ्टच्या बसगाड्या आल्या नाहीत. फांदी घेऊन चालतच गेले. ना पास, ना कॅमेरा, ना वुसुमुझी. खुर्ची तेवढी होती. तिला फांदी टेकवली. "चल एलियास, सुटलास. सगळेच सुटले." येताना रीतीप्रमाणे त्याला सगळा रस्ता सांगत आले. दुसऱ्या कुणाशी बोलायचं नव्हतं. नव्या दफनभूमीपर्यंत वाटेत कोणी भेटलंही नाही.