पेल्यातली कात

आई,

टँकरबरोबर समुद्राचं पाणी आणायला जातोय. दुपार टळेल, तू जेवून घे. काल तुझ्यावर ओरडलो, ते चुकलंच माझं.

मागच्या खोलीतल्या पेल्यांत लॉब्स्टरची पिल्लं आहेत. एका पेल्यात एकच, नाहीतर एकमेकांना खातात. काल तू सात पेल्यांतून जी मेलेली पिल्लं काढून फेकलीस, ती पिल्लं नव्हतीच गं, कात होती. वाढताना पिल्लू अख्खं कवच मिशांसकट उतरवतं आणि मग चार-पाच दिवस तेच कुरतडून खातं. त्यातूनच नवं कवच घट्ट होतं. कात काढून घेतली की ते मऊच राहतं. सकाळी पाहिलं, त्या सातांतली दोन गेली. उरलेल्यांना शिंपल्यांचा चुरा घातलाय, बघू.

दहा वाजता प्रत्येकाला चिमूटभर कोळंबीचा चुरा घाल. नुसत्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर ठेवली की पांढरीफटक पडतात. बाकी कशाला हात लावू नकोस. केर दिसला की तुझे हात शिवशिवतात, माहीत आहे मला.

तुझी सून गेल्यावर तू धावून आलीस, म्हणून हे घर उभं आहे. तिचं कपाट तू आवरलंस, तेही मी चालवून घेतलं. पण दाराआडच्या खुंटीवर तिचा स्वेटर आहे, तो धुवायला घेऊ नकोस. आहे तिथेच राहू दे.

पिल्लांचं चार-पाच दिवसांत होतं, माझं अजून झालेलं नाही.