मिठाची गोणी

१२ जुलै २००३, निर्मळ. संध्याकाळ

काकांनी मिठाची गोणी आणून ओटीवर ठेवलीय. आफ्रिकन गोगलगायींनी मिरचीची अर्धी रोपं खाल्ली, म्हणून उद्या अख्ख्या वाडीत मीठ टाकणार. मी ओरडलेच, "काका, पावसात सगळं मीठ बावखलाच्या तळ्यात उतरेल! मग शिंपायला गोड पाणी कुठलं?"

"मग काय, आरती ओवाळू त्यांची?"

"हाताने वेचू. मीठ फक्त बादलीतल्या पाण्यात."

"वेच तूच. सकाळी एक जरी दिसली, तर गोणी फोडणार."

गोगलगायी वेचून दोन बादल्या भरल्या. हात इतके चिकट झालेत की पेनपण चिकटतंय. जाम टेन्शन आलंय. माझ्यामुळे उरलेली रोपंपण गेली तर?

आत्ता मान वर केली, तर एक गोगलगाय आरामात त्या गोणीवरच चढतेय. काका चहा संपवून बाहेर यायच्या आत उचलते.