टपावरचा भांग

भाऊ, काल मी तुमचा भांग घासून टाकला. टाकव्याच्या आबांच्या गाडीच्या टपावर तुम्ही टोच्यानं ओढलेली मधली रेघ मी पॉलिश पेपरनं घासली, वर लाल प्रायमर मारला आणि माझी रेघ ओढली. तुमच्यामागे दुकान माझ्या हातात येऊन इतकी वर्षं झाली, पण बापाचं काम मी कधी खोडलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. माफी मागायची नाही. का खोडला ते तुम्हाला कळलं पाहिजे, एवढंच.

आबा तुम्हाला आठवत असतील. तुंगार्लीतल्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. शेठ लोकांनी बंगला विकला तेव्हा गाडी आबांना देऊन टाकली. गोल पाठीची, टपावर काळं रेक्झिन चढवलेली ती गाडी. रेक्झिन तुमच्याच हातचं. आता आबांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात आणि ते काठी टेकत चालतात. गाडी गोठ्याशेजारी उभी असते, टप गळतो, आत सीटवर ओल येते. त्यांच्या मुलाला ती जागा हवी आहे. त्यानं भंगारवाल्याला येत्या सोमवारी यायला सांगितलं आणि त्याआधी, शुक्रवारी, आबा मुलाला घेऊन दुकानात आले. म्हणाले, "पोरी, टप झाला तर गाडी ऱ्हाईल. माज्यासंगं तसं बोललंय ह्ये." मुलगा दारातूनच म्हणाला, "टप झाला आणि दिसायला बरा दिसला तर. न्हाईतर ताई, उगा तुमचे कष्ट नकोत. टेम्पो सांगून ठेवलाय मी."

दसऱ्याआधी टप हातात घ्यायचा नाही हा तुमचा नियम. लोणावळ्याच्या हवेत ओल असली की चिकटवायचं सोल्युशन पांढरं पडतं, त्या दिवशी चिकटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात रेक्झिनला पोळीसारखे फुगे येतात. हा नियम मी पाळत आले. मोठमोठ्या गाड्यांची माणसं परत पाठवली. आबांना मात्र दसरा लांब असतानाही हो म्हटलं. त्या जुन्या पोताचं रेक्झिन पुण्यात एका दुकानात शेवटचं मिळालं, जेमतेम एका टपापुरतं. चुकलं असतं तर दुसरा तुकडा नव्हता.

मधल्या रेघेला भांग म्हणणारे तुम्ही एकटेच. देहूरोडच्या डेपोत तंबू आणि ट्रकांचे हूड शिवायचात तेव्हा तिथले लोक सेंटर म्हणायचे, तुम्ही भांग. आई उजाडायच्या आत चिक्कीच्या कारखान्यात जायची, म्हणून माझी वेणी तुमच्याकडे. मी चुलीपाशी पाटावर बसलेय, तुम्ही मागे गुडघ्यावर, हाताला खोबरेल, आणि मी मान जरा वळवली की फणीचा एक टोला. "हलू नको. भांग चुकला की सगळं डोकं चुकतं." पुढे दुकानात हेच वाक्य टपाबद्दल. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना मी एका सीटचं कव्हर शिवलं होतं, त्याची किनार सुतभर सरकली. गिऱ्हाईक समोर उभं. तुम्ही ब्लेड माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, उसव. मी म्हटलं, त्यांना दिसणार नाही. तुम्ही म्हणालात, "मला दिसतंय." गिऱ्हाईक संकोचून बाहेर जाऊन उभं राहिलं आणि मी सगळी शिवण उसवली. त्या एका वाक्यावर मी हे दुकान चालवलं, भाऊ. माझ्या हाताखालच्या मुलींना मीही उसवायला लावते. एक तर त्यापायी काम सोडून गेली.

शनिवारी मागची काच काढली आणि जुनं रेक्झिन सोलून काढलं. खाली तुमची रेघ, अजून स्वच्छ. मी मोजायचा टेप लावला. रेघ मध्यावर नव्हती. ड्रायव्हरच्या बाजूला बोटभर सरकलेली होती. मला वाटलं, मीच चुकतेय. टपाच्या कडेच्या पन्हाळीपासून मोजलं, काचेच्या चौकटीपासून मोजलं, दोरी लावून पाहिलं. बोटभर म्हणजे बोटभर. नंतर काचेच्या वरची पट्टी उचकटली तर आत रेक्झिनची एक बारीक पाचर शिवलेली. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. टपावरच्या दोन उभ्या शिवणी मागून पाहणाऱ्याला सारख्या अंतरावर दिसाव्यात म्हणून ती घातलेली होती. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला तुमचा राग आला. पाचर मुठीत धरून मी आबांकडे वळले. ते स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होते.

"आबा, हा टप वाकडा लावला होता."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंग? रोज गाडी धुयाचो मी. जवळनं दिसायचंच की."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? शेठला सांजच्याला मुंबई गाठायची व्हती. भाईर धुकं, म्हनून गाडी आत घेतली. तुमचं दुकान ह्ये असं बोळकांडं, गाडी भितीला घासलेली. भाऊंचं पोट दांडगं, त्या अंगाला काय शिरता येईना. मंग हिकडनंच वाकून वाकून माप घेतलं. निम्मा टप चिकाटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं." आबांनी बशी खाली ठेवली. "तितं पायरीवर बसले. मला म्हनले, तुला दिसतंय का रं? मी म्हनलं, न्हाई."

"त्यांनी विश्वास ठेवला?"

"छ्या. पर बरं वाटलं आसंल."

मग आबा म्हणाले, तसाच लाव, भाऊंनी लावला तसा, मला त्याची सवय हाय. मुलगा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वाकडा लावून घ्यायला आणलीय व्हय हितं?" मी पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागले. तुमच्या रेघेवर काम केलं असतं तर पाचरही पुन्हा घालावी लागली असती, आणि ती माझ्या हातून घातली गेली नसती.

पण भिंत तिथंच आहे, भाऊ. दुकान तेवढंच अरुंद आहे. आत लावायचा तर एका अंगानं आंधळेपणानं हात फिरवायचा, बाहेर लावायचा तर धुकं. मी रविवारी सकाळी गाडी ढकलून बाहेर काढली. ऊन होतं. तीन पट्ट्या शिवून तयार केलेलं रेक्झिन टपावर पसरलं, भांगाशी जुळवलं, पुढचा अर्धा भाग दुमडून मागे टाकला. पत्र्याला सोल्युशन, रेक्झिनच्या पोटाला सोल्युशन, वाळू दिलं, आणि मधून कडेला दाबत नेलं. पुढचा भाग नीट बसला. मग मागचा. रेक्झिनचं एक टोक आबांच्या हातात, दुसरं मुलाच्या, दोघांनी ते टपापासून वर उचलून धरलेलं. दोन्हीकडे सोल्युशन लावून झालं आणि खंडाळ्याच्या अंगानं धुकं आलं. वाळवायला हीट गन लावली तोच लाइट गेली.

पत्र्यावरचं सोल्युशन माझ्या डोळ्यांदेखत पांढरं पडत गेलं, दुधावर साय धरावी तसं. आता दाबलं तर फुगे येणार. थांबलं आणि रेक्झिन मधे कुठं टेकलं तर तिथंच वाकडं चिकटणार, सुटायचं नाही. मला तुमची पायरी दिसते आहे. तुम्ही निम्मा टप चिकटवून बसलेले आहात आणि मीही निम्मा टप चिकटवून उभी आहे.

"धरून राहा," मी म्हटलं. "कोणी हलायचं नाही."

"किती येळ?"

"वाळेपर्यंत."

थोड्या वेळानं मुलाचे दंड कापायला लागले. "ताई, जरा सोडू का? हात गेले."

"सोड. आणि टेम्पोवाल्याला आत्ताच फोन कर."

आबा हसले. त्यांचे हात मुलाच्या हातांपेक्षा जास्त कापत होते. "धर रं. म्हशीचं दावं धरल्यागत धर. उगं रडू नगो."

"तुमी गप ऱ्हावा आबा, तुमच्यापाईच चाललंय समदं."

"म्हनून तर म्या बी धरलंय."

मी बोटाची मागची बाजू लावून पाहत होते. ओलं. पुन्हा ओलं. गल्लीतून एक पर्यटकांची गाडी हॉर्न वाजवत आली, मी तिला हातानंच मागे जायला लावलं. धुकं विरळ झालं, पत्र्यावरचं पांढरं आधी मधे पिवळट व्हायला लागलं, मग कडांनाही. बोट चिकटलं आणि कोरडं सुटलं तेव्हा मी म्हटलं, सोडा आता, हळू, आधी भांगावर. आणि दोन्ही तळहातांनी मधून बाहेर दाबत गेले, या अंगानं, मग फिरून त्या अंगानं. फिरता येत होतं.

काच बसवून झाल्यावर मुलगा गाडीमागे उकिडवा बसला. एक डोळा मिटून दोन्ही शिवणी पाहिल्या. मग दुसरा डोळा मिटून पाहिल्या. उठला, जरा लांब गेला आणि फोनवर म्हणाला, "उद्या नगं येऊस. न्हाई, किमतीचा सवाल न्हाई. इकायचीच न्हाई."

आबा मला म्हणाले, "भाऊंच्या परास सरळ झालाय."

"भाऊंना जागा नव्हती," मी म्हटलं.

हे मी तुमची बाजू घेऊन म्हटलं की खरं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही त्या पायरीवरून उठून पाचर शिवलीत, गाडी वेळेवर दिलीत, आणि नंतर माझ्या हातात ब्लेड दिलंत. तेव्हा मला पाचरेचं समजलं असतं तर मी उसवलं नसतं. कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल. हे कागद कुणाला द्यायचे नाहीत.

आबांच्या ताब्यात दिलं ते असं: गाडी, किल्लीसह. मागची काच, नव्या रबरात बसवून. उरलेल्या रेक्झिनची पट्टी, पुढे कधी जोड लागला तर. जुनं रेक्झिन आबांनी शेळ्यांच्या आडोशाला मागितलं होतं. सोलताना फाटून गेलं, टाकून दिलं, असं मी सांगितलं. फाटलं नव्हतं. अख्खं निघालं होतं. ते दिलं नाही.